वर लाल, खाली हिरवा

रंग बदलणाऱ्या दिव्यांची पट्टी घ्यायला माणसं हसत येतात. नव्या फ्लॅटचं फॉल सीलिंग झालेलं असतं, टीव्हीच्या मागं निळा उजेड पाडायचा असतो, लेकीच्या वाढदिवसाला भिंत गुलाबी करायची असते. थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडच्या गल्लीत आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. नवरा कंपनीत मेंटेनन्सला, त्यामुळं दुकान माझ्याच गळ्यात. इतक्या वर्षांत ही पट्टी घ्यायला घाबरत घाबरत आलेला माणूस मी एकच पाहिला. सोपानतात्या.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर माझ्या काउंटरसमोर. मूळचे कुरुळीचे. त्यांच्या बायकोला, इंदूकाकींना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा दवाखाना जवळ पडावा म्हणून थेरगावात आले. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला एकतीस वर्षं काढलेली. तिथं मोठमोठ्या मशीन दिवसभर पत्रा ठोकत असतात, त्या आवाजात त्यांचे कान तिथंच राहिले. मुलीनं कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते कायम सदऱ्याच्या खिशात. "कानात घातलं की शिट्टी मारतंय, खिशात गप बसतंय," म्हणायचे. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओठ नीट हलवायचे. मी तशीही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं बोलते, त्यामुळं आमचं बरं जमलं.

पहिल्यांदा दुकानात आले ते साधं पंख्याचं बटण घ्यायला. बटण राहिलं बाजूला. त्यांनी काउंटरवर दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "मोजा."

"काय मोजू?"

"बोटं. प्रेस शॉपला एकतीस वर्सं झाली. माझ्याबरुबर लागलेल्यात एकाचीबी धा न्हाईत. माझी धा हायती."

"नशीबवान आहात."

"नशीब न्हाई ताई, मी भ्यालो. रोज भ्यालो. मशीनची भीती ज्या दिशी गेली, त्या दिशी बोट गेलंच म्हणून समजा."

शिफ्ट सुटली की गेटवर थांबून बोटं मोजायचे म्हणे. रिटायर झाल्यावरही ती खोड गेली नाही. गप्पा मारता मारता त्यांचा अंगठा एकेका बोटावरून फिरत राहायचा, दहा झाली की पुन्हा पहिल्यापासून. आधी मला वाटलं जप करतात. मग कळलं, हिशेब जुळतो का बघतात.

भीती हाच त्यांचा धंदा होता असं म्हटलं तरी चालेल. दुकानात कुठला अडॅप्टर चालू दिसला की हात उलटा करून, बोटांच्या मागच्या बाजूनं शिवून बघणार. "तळव्यानं धरलं आन् करंट आला तर मूठ आवळती, सुटत न्हाई. उलटा हात झटक्यानं मागं येतो." गॅस दोनदा बंद करायचे. जिना उतरताना कठडा सोडायचे नाहीत. चौकात सिग्नलला उभे राहिले की शेजारच्याला सांगायचे, "वरचा लागलाय, थांबा." मग, "खालचा लागला, चला." लाल-हिरवा असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. असेल कंपनीची भाषा, म्हणून मी सोडून दिलं. टोमॅटो घेताना मात्र एकेक दाबून बघायचे, आणि भाजीवाली करवादायची, "ओ तात्या, डोळं न्हाईत का? लालभडक हायत की समदी!" तात्या हसायचे आणि दाबत राहायचे.

इंदूकाकींचा उजवा हात आणि पाय गेलेला, बोलणंही गेलेलं. अं-अं एवढंच. पण खरी भीती होती ती घशाची. गिळताना ठसका लागायचा, कधी नुसत्या थुंकीनं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ठसका लागला की लगेच उठवून पुढं वाकवायचं, उशीर केला तर श्वास अडकेल. आणि हे सगळं कुणाच्या भरवशावर? घंटा वाजवली तरी ज्याला ऐकू येत नाही त्या माणसाच्या. तात्या भाकरी थापत असले आणि काकी आतल्या खोलीत गुदमरत असल्या, तर दोघांच्या मध्ये एक भिंत होती, तेवढीच पुरे होती.

एका सकाळी त्यांची मुलगी सविता त्यांना घेऊन दुकानात आली. चऱ्होलीला राहते, बोलायला रोखठोक, पण जिवाला लागलेलं तोंडावर दिसत होतं.

"ताई, मनगटावर थरथरणारं यंत्र आणून दिलं तर हे पीठ मळताना काढून ठेवतात आणि विसरतात. परवा आई खोकून खोकून निळी पडली, यांना पत्ता नाही. मी आत्ताच सांगते, अजून एकदा असं झालं तर मी आईला चऱ्होलीला नेणार. माझ्याकडं दोन खोल्यांत सासू-सासरे आहेत, एकाच माणसाची जागा होईल. तात्यांनी मग इथं एकट्यानं राहायचं."

तात्या तिच्या ओठांकडं बघत होते. त्यांचा अंगठा बोटांवरून भराभर फिरायला लागला.

दिव्याची कल्पना त्यांचीच. कंपनीत प्रत्येक मशीनच्या डोक्यावर तीन मजली दिवा असतो. काम सुरळीत असलं की खालचा हिरवा, काही अडलं की मधला पिवळा, थांबवायचं असलं की वरचा लाल. ऐकू येत नसलेल्या माणसांत एकतीस वर्षं त्या दिव्यानंच हाका मारल्या होत्या. तसाच दिवा घरात हवा, आणि बटण इंदूकाकींच्या डाव्या हातात.

"आणि दिवा कायम चालू पायजेल," तात्या म्हणाले. "बंद दिवा म्हंजी ठीक हाय, असं न्हाई. बंद दिवा म्हंजी ठाव न्हाई."

मी उत्साहानं एकेक पट्टी काउंटरवर उलगडली. माझं हे आवडतं काम. ही साधी तीन रंगांची, हिच्यात सगळी पट्टी एकदम एकाच रंगाची होते. ही तशीच, पण पांढऱ्या उजेडाचे दिवे वेगळे, स्वयंपाकाला बरी. ही बारा व्होल्टची, लांब ओढली तर शेवटाला मंद पडते, पिवळा लावला तर टोकाला नारिंगी दिसतो. ही चोवीसची, शेवटपर्यंत एकसारखी. आणि ही पिक्सेल, हिच्यातला प्रत्येक दिवा वेगळा चालतो, एका पट्टीवर दहा रंग एकदम धावतात. रिमोटही दोन तऱ्हेचे, एक समोर धरावा लागतो, दुसरा भिंतीपलीकडून चालतो.

तात्यांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. बारीक आवाजात विचारलं, "ताई, वर लाल, खाली हिरवा, असली येती का?"

मी हसले. आज ते हसणं आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं. म्हटलं, "अहो तात्या, घरात काय सिग्नल बसवायचाय? अख्खी पट्टी लाल होईल, आंधळ्यालासुद्धा दिसेल! ही पिक्सेल असते मांडवाला, गणपतीला. तुम्हाला साधीच बरी."

सविताही म्हणाली, साधीच द्या. तात्यांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. चोवीस व्होल्टची साधी पट्टी आणि भिंतीपलीकडून चालणारा रिमोट घेऊन गेले.

बसवायला मीच गेले होते नवऱ्याबरोबर. ओट्याच्या वरून सरळ गॅलरीच्या दारापर्यंत पट्टी ओढली. रिमोटवर ढीगभर बटणं, त्यातल्या तीन बटणांवर सवितानं टिकल्या चिकटवल्या, काकींना बोटानं लागाव्यात म्हणून. हिरवं, पिवळं, लाल. मी आतल्या खोलीत जाऊन काकींना समजावलं. लाल दाबून दाखवला आणि स्वयंपाकघरातून सविता ओरडली, "मस्त दिसतंय!"

काकी डावा हात जोरजोरात हलवायला लागल्या. नाही, नाही. मग स्वयंपाकघराकडं बोट, मग पुन्हा नाही. डोळ्यांत पाणी. माझ्या डोक्यात आलं, बाईला हा रंगीबेरंगी तमाशा आवडलेला दिसत नाही. आजारी माणसाच्या घरात डिस्को कशाला, असं वाटत असेल. मी त्यांचा हात धरून खाली ठेवला आणि म्हटलं, "होईल हो सवय." त्यांनी दारात उभ्या असलेल्या सविताकडं पाहिलं आणि हात हलवायचा थांबवला.

त्यानंतर तात्या रोज दुकानात यायला लागले. माझ्याकडं भिंतीवर नमुन्याचा बोर्ड आहे, त्यावर सगळ्या पट्ट्या लावलेल्या. तात्या त्याच्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "लावा. आता ह्यो कोणता?" मी सांगायची, हिरवा. "आता?" लाल. "पुन्यांदा." डोळे बारीक करून, मान तिरकी करून, एकदा जवळून, एकदा रस्त्यावर उतरून बघायचे. दोन-तीन दिवस मी कौतुकानं केलं, मग वैताग यायला लागला. गिऱ्हाईक ताटकळतंय आणि ह्यांचं आपलं ह्यो कोणता, ह्यो कोणता. एकदा मी फटकन बोलले, "तात्या, पहिलीच्या पोरांनासुद्धा रंग कळतात हो!" त्यांनी माझे ओठ वाचले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, आणि मला जरा हायसंच वाटलं. चार दिवसांनी आले ते पट्टीचा अडॅप्टर तापतोय म्हणून सांगायला. मी म्हटलं, बदलून देते, जरा मोठा देते.

तो गुरुवार होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, तशी सकाळी गेली आणि अकराच्या सुमारास आली. लाइट आली तशी मी नवा अडॅप्टर घेऊन समोर गेले. त्यांचं दार दिवसा नुसतं लोटलेलं असायचं, कारण बेल वाजवून उपयोग नव्हता.

आत पाऊल टाकलं आणि दारातच थांबले. स्वयंपाकघर लाल. आमची गल्ली अरुंद, तिथं दिवसाही अंधारच असतो, त्यात भिंती लाल, ताटं-वाट्या लाल, परातीतलं पीठ लाल. आणि त्या सगळ्याच्या मध्ये तात्या निवांत भाकरी थापत होते. त्यांनी मान वर केली, मला बघून हसले. हसताना त्यांचे दातसुद्धा लाल दिसले.

"या ताई. चा ठिवू का?"

"तात्या! लाल! लाल लागलाय!"

मी पट्टीकडं हात केला. त्यांनी पट्टीकडं पाहिलं. नीट पाहिलं, वेळ घेऊन पाहिलं. आणि म्हणाले, "हिरवाच हाय की."

मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. काय होतंय ते मला कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की हा माणूस लाल उजेडात उभा राहून मला हिरवा म्हणतोय. मी आतल्या खोलीत धावले. काकी उशीवरून घसरलेल्या, तोंड उघडं, ओठ काळेनिळे, आणि डावा अंगठा रिमोटवर दाबून धरलेला, नख पांढरं पडलेलं. माझ्या मागून तात्या आले. त्यांनी एका हातानं काकींना उचलून बसवलं, पुढं वाकवलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. पिठाचे पंजे पाठीवर उमटत गेले. मी काकींचे पाय धरून देवाला हाका मारत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग घरघर झाली, एक मोठा श्वास आत गेला आणि काकी रडायला लागल्या. ते रडणं ऐकून मी तिथंच फरशीवर बसले.

तात्यांनी तोंड, हनुवटी पुसली, उशी लावली. काकींनी डावा हात उचलून त्यांच्या गालावर ठेवला. राग नव्हता त्यात. मला त्या दोघांकडं बघवेना.

मग तात्या माझ्याकडं वळले. "ताई, मला त्ये दिसत न्हाई. लाल आन् हिरवा. मला दोन्हीबी एकच दिसत्यात. जल्मापासनं."

मला एकदम टोमॅटो आठवले. वरचा लागलाय थांबा, खालचा लागला चला. माझा बोर्ड आठवला आणि त्यांना मारलेला टोमणा आठवला.

"कंपनीत लागायचं म्हंजी मेडिकल," तात्या सांगत होते. "रंगीत ठिपक्यांची वही दावत्यात, त्यातला आकडा वाचायचा. मला नुसते ठिपकेच दिसत व्हते. माझ्या फुडं कुरुळीचाच गडी. त्यो मोठ्यानं वाचायचा. बारा, आठ, एकोणतीस. तवा कान हुते ना मला! मी समदं ध्यानात ठिवलं आन् तसंच म्हणून दाखवलं. एकतीस वर्सं रोज वाटायचं, आज वही मागल्या पानापासनं उघडत्याल. मशीनवर काय अडचण न्हवती. वरचा का खालचा, येवढं बघायचं. हितं तुमची पट्टी अख्खी आडवी. तिला वर न्हाई, खाली न्हाई. मी आपला बदल बघायचो. उजेड जरा हलला की पळायचो. आज लाइट आली, पट्टी लागली, मला वाटलं झालं. तेच्या पाठोपाठ हिनं दाबलं असंल, त्यो बदल मला लाइटचाच वाटला."

"काकींना ठाऊक होतं?"

"तिला येकटीलाच. लगीन झालं तवा हिरवी साडी म्हणून एक आणली मी हौसेनं. ती निघाली तपकिरी, मातीवानी. हिनं वरीसभर नेसली, कुनाला बोलली न्हाई. रोज सकाळी माझं कपडं हीच काढून ठिवायची."

काकी डोळे मिटून पडल्या होत्या. बसवायच्या दिवशी हलवलेला त्यांचा हात आता मला नीट समजला. त्यांना माझा तमाशा नको होता असं नाही. त्यांना ओरडून सांगायचं होतं की या माणसाला हे दिसणार नाही, आणि मुलीसमोर सांगायचं नव्हतं.

"पोरीला सांगू नगा," तात्या म्हणाले आणि चक्क हात जोडले. "ऐकू येत न्हाई त्ये तिला ठाव हाय. दिसतबी न्हाई म्हणलं तर उद्याच गाडी घिऊन येईल. ती चुकीची न्हाई. पन हिचं तिकडं कुनाला कळनार? हिचं अं म्हंजी पानी का अं म्हंजी कूस, त्ये मलाच कळतंय."

खरं सांगायचं तर मला तेव्हाच सविताला फोन करायचा होता. माझ्या डोळ्यांदेखत एक बाई जाता जाता राहिली होती. उद्या काही झालं तर पाप माझ्या माथी. पण त्या घरातून त्या दोघांपैकी एकाला उचलून नेलं तर दुसरं किती दिवस राहील, हेही मला दिसत होतं. मी म्हटलं, "नाही सांगणार. पण पट्टी आज बदलायची. आत्ता."

गणपतीच्या मांडवाची म्हणून हिणवलेली पिक्सेल पट्टी मी स्वतः फडताळातून काढली. तिच्यातही दोन जाती. स्वस्तातल्या पट्टीत एक दिवा मेला की त्याच्या पुढची सगळी पट्टी मरते, कारण हुकूम एकाकडून दुसऱ्याकडं जातो. चांगलीत एक जादा तार असते, एखादा मेला तर हुकूम त्याला वळसा घालून पुढं जातो. मी जादा तारेची काढली. तात्यांनी दोन्ही प्रकार समजून घेतले, उलट्या हातानं शिवून पाहिले, आणि विचारलं, "करंट कुठनं सोडनार?"

"खालून. अडॅप्टर खाली आहे."

"न्हाई. वरनं सोडा. लाल पयला आला पायजे. खालचा मेला तर मेला. लाल मरता कामा नये."

गुरुवारची सुट्टी म्हणून माझा नवराही आला होता, पंचवीस वर्षं मेंटेनन्स करतोय. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "हे मला सुचलं नव्हतं."

स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी, पुरुषभर उंचीची, उभी पट्टी लावली. नवऱ्यानं दुपारभर मोबाइलवर डोकं घालून तीन बटणं बसवली. पहिलं दाबलं की फक्त खालचा वीतभर भाग लागायचा, दुसरं दाबलं की मधला, तिसरं दाबलं की फक्त वरचा. बाकी पट्टी काळी. काकींनी तिसरं दाबलं. तात्या ओट्यापाशी पाठ करून उभे होते. वळले, पाहिलं, आणि एका झेपेत आतल्या खोलीत. काकी चांगल्या हातानं तोंड झाकून हसत होत्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. मग म्हाताऱ्यांनी ती तालीम सात-आठ वेळा केली. सविता रविवारी आली, तेव्हा सांगितलं, आधीची तापत होती, ही टिकाऊ आहे.

पण माझ्या जिवाला काही स्वस्थता राहिली नाही. काउंटरवरून खिडकीतली ती पट्टी दिसायची. दिवसातून शंभरदा मान वर जायची. खालचा आहे ना? आहे. गिऱ्हाईकाशी बोलता बोलता पुन्हा वर. वरचा लागला की मी मोजायला लागायची. एक, दोन, तीन. दहाच्या आत विझून खालचा लागायचा, म्हणजे तात्या पोचले. आपली सगळी भीती या माणसानं मला दिली असं वाटायचं. लाइट गेली आणि पट्टी काळी झाली की मी दुकान तसंच टाकून समोरच्या जिन्यात जाऊन उभी राहायची. बंद दिवा म्हणजे ठाऊक नाही.

तात्या दुकानात आले की विचारायचे, "ताई, तुमच्याकडनं कसा दिसतोय?"

"खालचा," मी सांगायची. हिरवा म्हणणं मीही सोडून दिलं होतं. ताई तिकडनं बघत्यात, हे ते काकींनाही जाऊन सांगायचे.

असे दहा महिने गेले. एका सकाळी मी एका बाईंना टीव्हीमागच्या पट्ट्या दाखवत होते. मान वर केली तर वरचा लागलेला. मोजायला लागले. सात, आठ, नऊ, दहा. वरचा तसाच. अकरा, बारा. बाईंना म्हटलं थांबा, आणि रस्ता कसा ओलांडला ते मला आठवत नाही. जिना चढताना डोक्यात एकच, सविताला सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं.

दार लोटलेलंच होतं. मी सरळ आतल्या खोलीत गेले. काकी उशीला टेकून ताठ बसलेल्या होत्या. श्वास चालू, ओठ नीट, डोळे माझ्यावर. अंगठा तिसऱ्या बटणावर. मी म्हटलं, "काकी, काय होतंय?" त्यांनी डावा हात हलवला. नाही, नाही. मग स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं.

काकींच्या पलंगावरून स्वयंपाकघरातल्या तात्यांच्या खुर्चीचा फक्त हात दिसायचा. त्यावरून कोपर घसरलेलं होतं.

तात्या पट्टीसमोर खुर्चीत बसले होते. पायाशी वर्तमानपत्रावर निवडलेली मेथी, काड्या वेगळ्या, पानं वेगळी. मान जराशी छातीवर. खिशात कानाचं यंत्र. मी हात उलटा केला आणि त्यांच्या गालाला लावला. गार होता. दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले, बोटांना मेथीचा हिरवा रस, आणि उजवा अंगठा तिसऱ्या बोटावर थांबलेला. मी कुणीही सांगितलं नसताना बोटं मोजली. दहा होती.

सविता आली तेव्हा घरात शेजारपाजार जमला होता. आईच्या कुशीत शिरून खूप रडली. मग स्वयंपाकघरात आली आणि डोळे पुसत त्या पट्टीकडं बघत राहिली. वरचा अजून तसाच जळत होता, बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"आईनं लाल दाबला होता ना ताई? तात्यांना दिसला नसेल का?"

"तुझ्या आईनं तो स्वतःसाठी नव्हता दाबला, सविता. तात्यांसाठी दाबला होता. मी बघावा म्हणून."

तिनं पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आधीची चांगली आडवी होती. ही अशी उभी कशाला लावून घेतली? मी कितीदा विचारलं, नुसते हसायचे."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. काकी माझ्याकडं बघत होत्या.

"कंपनीची सवय गं," मी म्हटलं. "मशीनवर असते तशी हवी होती त्यांना."

काकींनी डोळे मिटले. त्यांचा अंगठा चाचपत पहिल्या बटणावर गेला. वरचा विझला, आणि खालचा लागला.